दोन शिक्षकी शाळेत विशेष गरजांचं मूल: सुरुवात कुठून करायची?

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत चित्र सारखंच असतं. शिक्षक दोन, वर्ग चार, त्यात एखादं लेकरू तिसरीत येऊनही 'कमळ' वाचत नाही, एखादं जागेवर दोन मिनिटं टिकत नाही, आणि एखादं हाक मारली तरी वळून बघत नाही. गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्याकडं तालुक्यातल्या अनेक शाळा असतात. ते आले की तास-दीड तास बसतात, चार गोष्टी सांगतात आणि पुढच्या गावाला जातात. उरलेले सगळे दिवस ते लेकरू तुमच्याच वर्गात असतं.

'आधी प्रमाणपत्र येऊ द्या, मग बघू' हे वाक्य मी शाळाशाळांतून ऐकत आलो आहे. प्रमाणपत्र लागतं, ते कशासाठी हे पुढं सांगतो. पण शिकवण्याची पद्धत बदलायला ते लागत नाही. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं उद्याच्या तासिकेपासून करता येतं.

आधी बघा, नाव नंतर द्या

पहिले दोन आठवडे त्या मुलासाठी वहीचं एक पान राखून ठेवा. त्यात 'अभ्यासात कच्चा', 'लक्ष नाही', 'मंद' असलं काही लिहायचं नाही. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. उदाहरणार्थ: 'फळ्यावरचं उतरवताना चुकतो, पुस्तकातलं मात्र नीट उतरवतो.' या एका ओळीतून डोळे तपासायला हवेत हे कळतं. 'तोंडी गोष्ट छान सांगते, तीच लिहायला सांगितली की दोन शब्दांवर थांबते.' म्हणजे बुद्धीला काही झालेलं नाही, अडचण लिहिण्यात आहे. 'माझ्याकडं तोंड असलं की सांगितलेलं करतो, पाठ फिरवून सांगितलं की शेजाऱ्याचं बघून करतो.' इथं शंका कानावर घ्यायची.

शिकण्यातल्या अडचणीचा विचार करण्याआधी चार गोष्टी वगळाव्या लागतात.

डोळे आणि कान या पहिल्या दोन. मुलाच्या मागं चार-पाच पावलांवर उभं राहून, त्याला तुमचं तोंड दिसणार नाही अशा रीतीनं हळू आवाजात नाव घ्या, एखादी साधी सूचना द्या. वेगवेगळ्या दिवशी करून बघा. ही तपासणी नव्हे, पण डॉक्टरांकडं पाठवायचं की नाही एवढं त्यातून ठरतं. आपल्याकडं वाहणारा कान हे कमी ऐकू येण्याचं नेहमीचं कारण. घरी त्यात तेल सोडलेलं असतं, ते थांबवायला सांगा.

तिसरी गोष्ट घरची भाषा. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उमरगा-उदगीरकडं कन्नड, आणि गावोगावी दखनी उर्दू कानावर पडते. पहिलीत आल्यावर असं मूल सहा महिने गप्प बसलं, तर ते नवी भाषा ऐकतंय एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. घरच्या भाषेत ते वयाच्या मानानं नीट बोलतं का, हे आईला किंवा मोठ्या बहिणीला विचारा. तिथं फडफड बोलत असेल तर अपंगत्वाचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

चौथी गैरहजेरी. बीड, जालना, परभणीकडच्या किती घरांत दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला कोयता निघतो आणि उन्हाळा लागल्यावर परत येतो! वर्षातले पाच-सहा महिने फडावर गेलेल्या मुलाला जोडाक्षरं येत नसतील, तर ती त्याला शिकवलीच गेलेली नाहीत. अशा मुलाला हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, हा प्रश्न निदानाच्या आधीचा.

चारही वगळून शंका उरली, तर एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे ॲप वापरा. ते २०२२मध्ये आलं. त्यात शिक्षकांनी भरायची निरीक्षणाची यादी आहे. त्यातून निदान होत नाही, पुढं कुणाकडं पाठवायचं त्याची दिशा मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा तुमचं वहीतलं पान त्यांच्यापुढं ठेवा. पथक घाईत असतं. 'हे मूल जरा बघा' म्हटलं की वरवर बघणं होतं, आणि नेमकी चार वाक्यं दाखवली की डॉक्टर थांबून बघतात.

आई-बापाशी बोलताना

सगळ्यांसमोर बोलू नका, पालकसभेत तर नाहीच. घरी जा किंवा शाळा सुटल्यावर बोलवा. सुरुवात त्या मुलाला जे येतं तिथून करा. 'ताई, तुमच्या लेकाला गावातली सगळी जनावरं कुणाची कोणती ते माहीत आहे, माझ्या वर्गात एवढी ओळख कुणालाच नाही.' मग अडचण, आणि तीही दिसलेल्या शब्दांत. 'डिस्लेक्सिया' किंवा 'मतिमंद' असा शब्द आपण उच्चारायचा नाही, तो अधिकार डॉक्टरांचा.

'गुरुजी, आमचं लेकरू नुसतं बसून राहायलंय, डोस्क्यात कायीच जाईना,' असं आई म्हणते तेव्हा घरात लेकराला मारून, उपाशी ठेवून, गंडेदोरे बांधून झालेलं असतं. नवस-अंगाऱ्यावर वाद घालू नका. 'नवस राहू द्या, त्याच्यासोबत एकदा कान दाखवून येऊ' असं म्हटलं की घर दवाखान्यापर्यंत येतं. आजीला विसरू नका. पुष्कळ घरांत निर्णय तिचाच असतो.

बसण्याची जागा आणि वर्ग

हे पटकन होणारं काम आहे, म्हणून थोडक्यात.

कमी दिसणाऱ्या मुलाची पाठ खिडकीकडं किंवा दाराकडं असू द्या. उजेड वहीवर पडावा, डोळ्यांत नको. फळ्यावर चकाकी येते ती त्याच्या जागेवर बसून बघा. अक्षर मोठं काढा आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणा. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवरून मोफत उतरवता येतात. हवं ते पान मोठं करून छापा, किंवा मोबाइलवर मोठं करून दाखवा. रंगद्रव्य कमी असलेल्या, म्हणजे अगदी गोऱ्या-पांढऱ्या केसांच्या मुलाला आपल्याकडचं ऊन सोसत नाही. परिपाठ सावलीत घ्या, त्याला टोपी घालू द्या.

कमी ऐकू येणारं मूल पुढं बसवतातच, पण ज्या कानानं बरं ऐकू येतं तो कान तुमच्याकडं आणि वर्गाकडं हवा. फळ्याकडं तोंड करून बोलू नका. ओरडू नका, ओरडलं की ओठांचा आकार बिघडतो. दुसऱ्या मुलानं उत्तर दिलं की ते तुम्ही पुन्हा म्हणा, नाहीतर अर्धा वर्ग त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पत्र्याच्या वर्गात पावसाची सर आली की तोंडी शिकवणं थांबवा आणि लिहायचं काम द्या. अशा वेळी बाकीच्यांनाही काही ऐकू जात नसतं. श्रवणयंत्र चालू आहे का, सेल संपलेत का, हे रोज परिपाठानंतर बघायला एखादं मोठं मूल शिकवून ठेवा.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधलेला असतो, पण त्याच्या तोंडाशीच मोटारसायकल उभी असते किंवा शेवटी एक पायरी उरलेली असते. उताराचं प्रमाण १:१२ हवं. म्हणजे जोतं २ फूट उंच असेल तर उतार २४ फूट लांब. याहून खडा असला तर मुलाला तो स्वतःच्या बळावर चढता येणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत हा आकडाच ठेवा, 'रॅम्प आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. स्वच्छतागृहाचं दार खुर्ची आत जाईल एवढं रुंद आहे का, तेही मोजा. मुली शाळा सोडतात त्याचं एक कारण इथं असतं.

वाचन अडतं तिथं

वर्गात सर्वांत जास्त मुलं इथं अडतात, त्यामुळं यावर सावकाश बोलू.

आधी कान, मग डोळा. पुस्तक बंद ठेवून विचारा: 'कमळ'मध्ये किती आवाज? टाळ्या वाजवून क-म-ळ. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'मळ.' हे तोंडी जमत नसेल तर पुस्तक उघडून उपयोग नाही. रोज पाच मिनिटं, सगळ्या वर्गाला खेळ म्हणून हेच घ्या. त्या मुलाला वेगळं काढावं लागत नाही आणि बाकीच्यांचाही पाया पक्का होतो.

बाराखडी घडाघडा म्हणणारं मूल वाचतंय असं समजू नका. मधलाच 'कू' किंवा 'कै' बोटानं दाखवा. पुष्कळ मुलं मनातल्या मनात 'क का कि की' म्हणत तिथपर्यंत जातात. याचा अर्थ त्यांना चाल पाठ आहे, चिन्ह ओळखू येत नाही. अशा वेळी बाराखडी मोडा. एकच चिन्ह घ्या, समजा काना, आणि आठवडाभर वेगवेगळ्या अक्षरांना तोच: का, मा, ला, 'मामा', 'काका', 'माळ', 'लाल'.

सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात शिकवू नका. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, ट-ठ-ढ. 'भ' पक्का होईपर्यंत 'म'ला हात लावायचा नाही. आकार हातात बसावा म्हणून परातीत रांगोळी किंवा बारीक वाळू पसरा आणि बोटानं अक्षर गिरवताना तोंडानं आवाज म्हणायला लावा.

आता आपल्या लिपीतल्या दोन जागा, जिथं मूल अडखळणारच. एक, ऱ्हस्व वेलांटी. 'कि'मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. दुसरी जागा रफार. 'सूर्य'मधला 'र' उच्चारात 'य'च्या आधी, पण बसलाय 'य'च्या डोक्यावर. त्यात 'पर्वत', 'प्रकाश', 'राष्ट्र' या तिन्हींतला 'र' वेगळा दिसतो. हे मुलाला उघड सांगा: 'हे चिन्ह फसवं आहे, तू चुकत नाहीस.' वेलांटी आणि रफार वेगळ्या रंगाच्या खडूनं लिहा, बाण काढून उच्चाराचा क्रम दाखवा.

ओळ सुटते अशा मुलासाठी पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापा आणि ती पानावरून सरकवू द्या. अचानक उभं करून वाचायला लावू नका. आदल्या दिवशीच सांगा: 'उद्या ही तीन वाक्यं तुझी.' घरी बहिणीकडून दोनदा वाचून घेतलं की दुसऱ्या दिवशी ते ताठ मानेनं उभं राहतं.

चुकलेला शब्द दहा वेळा लिहायची शिक्षा बंद करा. अशा मुलाच्या वहीत तिसऱ्या ओळीपासून तो शब्द पुन्हा चुकलेला असतो आणि पुढच्या सात ओळी त्या चुकीचाच सराव होतो. उत्तर तपासताना आशय आणि शुद्धलेखन वेगळं मोजा. 'पाऊस का पडतो' याचं उत्तर बरोबर असेल तर विज्ञानाचे गुण पूर्ण द्या, वेलांट्या मराठीच्या तासाला बघता येतील. हात दुखतो म्हणणाऱ्या मुलाच्या पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, पकड जाड होते. फळ्यावरून उतरवायला वेळ लागत असेल तर तोच मजकूर चिठ्ठीवर लिहून त्याच्यासमोर ठेवा.

आकड्यांचा घोळ

'पंचवीस' ऐकताना 'पाच' आधी येतो, लिहिताना २ आधी. मूल ऐकलं तसं लिहितं: ५२. 'एकोणतीस'मध्ये तर कानावर 'तीस' पडतं आणि लिहायचे असतात २ आणि ९. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली, विधिमंडळापर्यंत विषय गेला. टिंगल करणाऱ्यांनी अशा मुलासोबत एक तास काढायला हवा होता. आकड्यांत अडणाऱ्या मुलाला आधी 'वीस पाच', मग 'पंचवीस' असं दोन्ही म्हणू द्या. नेहमीचं नाव सुटत नाही, उशिरा का होईना येतं.

दशकासाठी तुराट्या वापरा. बोटभर लांबीचे तुकडे करा, टोकं घासून घ्या, दहा-दहाच्या मोळ्या दोऱ्यानं बांधा. २५ म्हणजे दोन मोळ्या आणि पाच सुट्या. वजाबाकीत 'हातचा घेणं' म्हणजे मोळी सोडणं, हे हातानं केलं की कळतं. चित्रात बघून ते कळत नाही. १ आणि ९, ३ आणि ६ यांचा गोंधळ होत असेल तर तेही रांगोळीच्या परातीत.

पाढे पाठ होत नाहीत म्हणून गुणाकार अडवून धरू नका. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. चार पिशव्यांत सहा-सहा लिंबं म्हणजे काय, हे त्याला समजलं असेल तर गणित आलेलं आहे.

एकच धडा, वेगवेगळ्या खोलीचा

त्या मुलाला कोपऱ्यात बसवून रंगवायला चित्र देणं हा सोपा मार्ग आहे, आणि त्यातून ते काही शिकत नाही. विषय सगळ्यांना एकच ठेवा, अपेक्षा बदला. तिसरीचा 'पैसे' हा घटक घ्या. वर्गात आठवडी बाजार भरवा: चिंचोके, कागदाच्या नोटा, भाजीची चित्रं. बहुतेक मुलं दोन वस्तूंची बेरीज करून उरलेले पैसे वहीत लिहितील. वाचनात अडणारं मूल तेच तोंडी सांगेल. कमी ऐकू येणाऱ्यासाठी प्रत्येक ढिगावर किमतीची पाटी ठेवा, ती सगळ्यांच्याच कामी येते. हालचालीला अडचण असलेलं मूल दुकानदार होईल, गिऱ्हाईक त्याच्याकडं येईल. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीचं आजचं उद्दिष्ट एकच: पाच आणि दहाचं नाणं वेगळं ओळखणं, दहाची पाटी दिसली की दहाचं नाणं देणं. तिचं ते झालं की तिचा तास पूर्ण झाला, आणि वहीच्या पानावर तशी नोंद करा.

तिच्यासाठी कोणतंही काम पायऱ्यांत तोडावं लागतं. हात धुणं घ्या. नळ सोड, हात ओले कर, साबण लाव, चोळ, धू, नळ बंद कर. एका वेळी एक पायरी तिनं करायची, बाकीच्या तुम्ही किंवा सोबत्यानं. खिचडीच्या आधी रोज ही संधी आपसूक मिळते. महिन्याला एक-दोनच उद्दिष्टं ठेवा. विशेष शिक्षक ज्याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात, तो मुळात एवढाच असतो. त्याचा फॉर्म लांब असला म्हणून घाबरू नका.

सोबती द्यायचा तर दर आठवड्याला बदला. वर्गातल्या एखाद्या समंजस मुलीवर वर्षभर जबाबदारी टाकली की तिचा अभ्यास बुडतो. गावात 'येडं', 'मुकं', 'लंगडं' ही नावं सर्रास चालतात, शाळेच्या फाटकाच्या आत चालू देऊ नका. मोठ्या माणसांनाही हटका.

जागेवर न टिकणारी, आपल्याच तंद्रीत असणारी

चंचल मुलाला 'गप बस' सांगण्यापेक्षा हलण्याचं काम द्या: वह्या वाट, फळा पूस, पाणी आण. दहा गणितांऐवजी तीन-तीनची चिठ्ठी द्या, एक झाली की तुमच्याकडं येऊन दुसरी न्यायची.

स्वमग्न मुलाला बदल सोसत नाही. दिवसाचा क्रम चित्रांत काढून भिंतीवर लावा: परिपाठ, मराठी, खिचडी, खेळ. बदल असेल तर आधी सांगा. सूचना छोटी हवी: 'आधी दोन ओळी, मग झोका.' परिपाठाच्या लाउडस्पीकरला किंवा घंटेला ते कान झाकत असेल तर तो खोडसाळपणा नाही. त्याला लांब उभं राहू द्या. आरडाओरडा झालाच तर कारण विचारत बसू नका, शांत जागी न्या, नंतर वहीत लिहा की त्याआधी काय घडलं होतं. चार-पाच नोंदी झाल्या की कारण बहुधा तिथंच सापडतं.

फिट आली तर

हे सगळ्या शिक्षकांना आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही पाठ हवं. घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा, डोक्याखाली दप्तर किंवा ओढणी ठेवा, कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. फिट पाच मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा मार लागला, तर १०८ला फोन करा. शुद्धीवर आल्यावर झोपू द्या. आणि बाकीच्या मुलांना सांगा की हा आजार शिवल्यानं होत नाही.

कागदपत्रं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही त्यात येतात. त्या कायद्यानं प्रवेश नाकारता येत नाही. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) नोंदणी ऑनलाइन होते, तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात. समग्र शिक्षेतून साहित्य, प्रवास आणि मदतनीस भत्ता, मुलींना विद्यावेतन मिळतं. पण पोर्टलवर मुलाची नोंद चुकीच्या प्रकारात झाली की ते अडतं, म्हणून मुख्याध्यापकांसोबत बसून नोंद तपासा.

अध्ययन अक्षमतेचं निदान साधारण आठ वर्षांच्या आधी करत नाहीत, त्यामुळं पहिली-दुसरीत घाई नको. मात्र सहावी-सातवीपर्यंत ते व्हायला हवं. दहावीला प्रमाणपत्रामुळं तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणं लेखनिक मिळतो. डिसेंबरात दहावीच्या मुलासाठी धावपळ करणारे बाप मी बघतो, तेव्हा प्राथमिक शाळेतल्या त्या कोऱ्या राहिलेल्या पानाची आठवण होते.

गृहाधारित शिक्षण, म्हणजे घरी राहून शिकणं, शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनं तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी आलं. तो पालकांनी निवडायचा पर्याय आहे. शाळेनं 'तुम्ही घरीच ठेवा' असं सुचवायचं नाही.

एप्रिलमध्ये वर्ग बदलताना, किंवा दिवाळीनंतर घर कारखान्यावर निघताना, त्या वहीतून एक पान तयार करा. मुलाला काय येतं, काय अडतं, कशानं जमतं, फिट किंवा गोळ्या असतील तर त्या, श्रवणयंत्र कोणत्या कानाला. वर शाळेचा शिक्का आणि तुमचा फोन नंबर. एक प्रत पुढच्या शिक्षकांना द्या आणि त्या पानाचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. फडावर कागद भिजतात, हरवतात.